पिवळी पडलेली तबकडी आणि नवी कोरी चमक

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातून एका शिक्षकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय ४२ असून गेली पाच वर्षे ते जुनी मनगटी घड्याळे जमवत आहेत. संग्रहात आठ घड्याळे आहेत आणि त्यांत एचएमटीची जनता, सोना आणि पायलट आहेत. त्यांचे मामा मस्कतला नोकरीला होते आणि सुट्टीवर येत तेव्हा त्यांच्या मनगटावर सिको या जपानी कंपनीचे ‘सिको फाइव्ह’ असे. त्यातला वार इंग्रजीत किंवा अरबीत लावता येई, याचे भाच्याला फार अप्रूप वाटे. मामा गेल्यावर ते घड्याळ कुठे गेले, ते कोणाला ठाऊक नाही. तसेच घड्याळ घेण्यासाठी त्यांनी ऑनलाइन दोन जाहिराती निवडल्या आहेत. एक चकचकीत निळ्या तबकडीचे आहे: ‘१९६८ चे, मिंट कंडिशन, शंभर टक्के ओरिजिनल’, किंमत ४,२०० रुपये. दुसरे डोंबिवलीतल्या एका कुटुंबाकडचे, काचेवर चरे आणि तबकडी पिवळट, वार इंग्रजी-अरबी, किंमत ६,५०० रुपये, आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली आहे. गेल्या वर्षी असेच एक चकचकीत घड्याळ मागवले होते. श्रावणात त्याच्या काचेखाली वाफ धरली आणि ते बंद पडले. तालुक्याच्या बाजारातले घड्याळजी वयस्कर आहेत, ते ‘कशाला हा कचरा आणता’ म्हणतील म्हणून त्यांना दाखवायचा संकोच वाटतो. पत्नीचे म्हणणे, आठ असताना नववे कशाला. वाचक विचारतात: कमी पैशांत चकचकीत घ्यावे, जास्त पैसे देऊन मळके घ्यावे, की ऑनलाइनचा नादच सोडावा? खऱ्या संग्राहकाने पूर्ण ओरिजिनल असेल तेच घ्यावे ना?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रासोबतचे सहाही फोटो मी पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. फोटोवरून घड्याळाची खात्री देणे शक्य नाही, तेव्हा मी जे लिहितो आहे ते घड्याळाबद्दल कमी आणि फोटो कसा वाचावा याबद्दल अधिक आहे, असे समजून घ्या.

निळ्या घड्याळापासून सुरुवात करू, कारण त्याचा निकाल त्याच्याच पाठीवर लिहिलेला आहे. मागच्या झाकणाच्या फोटोत ७००९ हा आकडा आणि त्यापुढे डॅश देऊन आणखी चार अक्षरे दिसतात. सिकोच्या झाकणावरचे पहिले चार आकडे म्हणजे आतल्या मशीनचा क्रमांक. ७००९ हे १७ ज्वेलचे (म्हणजे चाकांची टोके टेकवणाऱ्या १७ खड्यांचे) ऑटोमॅटिक मशीन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आले. १९६८ साली ते अस्तित्वातच नव्हते. म्हणजे एक तर जाहिरातीतले साल चुकीचे आहे, नाही तर झाकण एका घड्याळाचे आणि बाकी दुसऱ्याचे आहे. विक्रेता लबाड आहे असे यावरून लगेच म्हणू नये, कारण पुष्कळ विक्रेत्यांना खरोखरच माहिती नसते आणि जुने दिसले की ते साठचे दशक लिहून टाकतात. पण ज्याला घड्याळाचे साल ठाऊक नाही, त्याच्या ‘शंभर टक्के ओरिजिनल’ या शब्दांना किती वजन द्यायचे, हे तुम्हीच ठरवा.

त्याच झाकणावर सहा अक्षरांचा आणखी एक क्रमांक असतो. त्यातले पहिले अक्षर म्हणजे सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरे म्हणजे महिना: एक ते नऊ सरळ आकड्यांत, ऑक्टोबरसाठी ओ, नोव्हेंबरसाठी एन आणि डिसेंबरसाठी डी. तुमच्या पिवळट घड्याळाचा क्रमांक आठ आणि एन असा सुरू होतो, म्हणजे ते १९७८ किंवा १९८८ च्या नोव्हेंबरमधले असावे. दशक कोणते ते हा क्रमांक सांगत नाही. त्यातलेही मशीन ७००९ च आहे आणि ते दोन्ही काळांत बनत होते, म्हणून तो प्रश्न एवढ्यावर सुटणार नाही. मामा मस्कतला गेले ते १९७९ साली असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे मन ७८ कडे झुकेल. झुकू द्या, पण किंमत त्यावर ठरवू नका.

आता निळ्या तबकडीकडे पुन्हा वळतो. सहाच्या आकड्याखाली, अगदी कडेला, सिकोच्या तबकडीवर मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ असते आणि तीतही मशीनचा क्रमांक असतो. पिवळट घड्याळाच्या फोटोत ती ओळ दिसते आणि तिच्यात ७००९ वाचता येते. निळ्यावर ती नाही. त्याशिवाय मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या धातूच्या पट्ट्या एकमेकींना धरून नाहीत, आणि अक्षरांच्या कडा शाई फुटल्यासारख्या जाड आहेत. ती तबकडी धुऊन, नव्याने रंगवून, वर पुन्हा छापलेली आहे, याविषयी मला फारशी शंका नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मुंगी-अक्षरांच्या ओळीतले पुढचे चार आकडे झाकणावरच्या पुढच्या चारांशी जुळतीलच असे नाही, कारण केस (म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची डबी) आणि तबकडी यांचे क्रमांक वेगवेगळे असत. ते जुळत नाहीत म्हणून चांगली घड्याळे परत करणारे लोक मी पाहिले आहेत. पहिले चार आकडे मात्र जुळलेच पाहिजेत.

अशा पुन्हा रंगवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि त्यात थोडी हेटाळणी असते. मला तिचे वाईट वाटते. आपल्याकडे घड्याळ ही एकदा घेऊन जन्मभर वापरायची वस्तू होती. तबकडीवर डाग पडले की लोक स्वतःच ती घड्याळजीकडे नेत आणि नवी करून द्या म्हणत. तबकडी रंगवणाऱ्या कारागिराने तेव्हा कोणाला फसवले नाही. फसवणूक सुरू होते ती आज त्याच तबकडीला ‘ओरिजिनल’ म्हणून विकताना. माझ्याकडेही एक एचएमटी पायलट आहे, तेही असेच ऑनलाइन आलेले. काळीभोर तबकडी पाहून मी हरखून गेलो होतो. घड्याळजींनी ती भिंगाखाली धरली आणि मला बारावरची खूण दाखवली: ती केसाएवढी डावीकडे सरकलेली होती. मग मशीन बाहेर काढून दाखवले, तर तबकडीचे पाय, म्हणजे ती मशीनवर बसवायच्या मागच्या खुंट्या, कापलेले आणि ती मशीनला चिकटवलेली. विकणाऱ्याने यातले काहीच सांगितले नव्हते आणि नंतर फोनही उचलला नाही. पैसे गेले याचा राग होताच, पण त्याहून जास्त राग आला तो मी एकही प्रश्न विचारला नव्हता याचा. ते घड्याळ मी ठेवले आहे आणि अजून वापरतो.

म्हणून ‘पूर्ण ओरिजिनलच घ्यावे ना’ या तुमच्या प्रश्नाला मला सरळ होकार देता येत नाही. ओरिजिनल ही एक गोष्ट नाही. तबकडी, काटे, केस, मशीन, चावी, काच आणि पट्टा या सगळ्यांचा तो वेगवेगळा प्रश्न आहे. चाळीस वर्षांच्या घड्याळाची काच बदललेली असणार, आतली हवा-पाणी अडवणारी रबरी गॅस्केट बदललेली असणार, कदाचित घड्याळ चालवणारी मेनस्प्रिंगही. होडीची फळी बदलली म्हणून कोणी होडी खोटी म्हणत नाही, आणि झिजणारे भाग बदलणे ही घड्याळाची देखभालच आहे. तबकडीचे तसे नाही, कारण घड्याळाची ओळख आणि त्याची संग्राहकी किंमत मुख्यतः तिच्यावर असते. पिवळट घड्याळाचा सेकंदकाटा इतर दोन काट्यांपेक्षा जास्त चकाकतो आहे. तो बहुधा बदललेला आहे. मला ते चालेल. विकणाऱ्यांना तसे विचारा. ‘हो, बाबांनी बदलून घेतला होता’ असे उत्तर आले, तर माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढेल.

दुसरे गृहीतक तुम्ही लिहिलेले नाही, पण पत्रात ते सगळीकडे आहे: चकचकीत खोटे निघाले, म्हणून मळके ते खरे आणि निरोगी. हेही तितकेच धोक्याचे आहे. हात न लागलेले घड्याळ म्हणजे बहुधा तेल न घातलेले घड्याळ. आतले तेल वाळते, घट्ट होते, आणि तशाच कोरड्या मशीनने घड्याळ चालत राहिले तर चाकांची टोके आणि त्यांची बसायची छिद्रे झिजतात. ते घड्याळ घेतलेत तर मनगटावर बांधण्याआधी पूर्ण उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावे लागेल. त्याचा खर्च ६,५०० मध्ये धरलेला नाही. तो धरा, आणि मगच भाव करा. विकणाऱ्यांना ‘सर्व्हिस केव्हा झाली’ असे विचाराल तर ‘उत्तम चालते’ एवढेच उत्तर येईल. त्यापेक्षा ‘घड्याळ शेवटचे कधी उघडले आणि कोणाकडे’ असे विचारा.

पैसे देण्याआधी मागायच्या गोष्टी मी सांगतो, आणि त्या तुमच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडाव्यात. दिवसाच्या उजेडात, काचेवर चकाकी न येता काढलेला तबकडीचा फोटो, सहाच्या खालची ओळ वाचता येईल इतका जवळचा. झाकणाचा सरळ फोटो. झाकण उघडून मशीनचा फोटो, तोही विकणाऱ्याने घरी सुरी घालून नव्हे तर घड्याळजीकडून उघडवून. त्यात फिरणाऱ्या अर्धगोल रोटरवर ७००९ दिसले पाहिजे आणि कडेला गंजाची तांबूस रेघ नसावी. आणि एक सलग व्हिडिओ, ज्यात सेकंदकाटा पूर्ण फेरी मारतो, मग चावी ओढून काटे बारापुढे नेले जातात आणि वार व तारीख दोन्ही बदलतात. अरबी वाराचे चाक जीर्ण झाले असेल तर ते इथेच अडकेल, आणि नेमके त्यासाठीच तर तुम्हाला हे घड्याळ हवे आहे.

काही जण ‘बघा, चावी फिरते’ असा व्हिडिओ पाठवतात. ७००९ ला हाताने चावी देता येतच नाही. ते मनगटाच्या हालचालीवर भरते, म्हणून त्या व्हिडिओला काही अर्थ नाही. उलट चावी देऊनही घड्याळ सुरू होत नाही म्हणून ते बिघडलेले समजून स्वस्तात विकणारेही भेटतात. तसेच चावी बाहेर ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नाही, तो दोष नाही. तुम्ही एचएमटीच्या चावीच्या घड्याळांना सरावलेले आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

हेच प्रश्न स्विस घड्याळांनाही लागू आहेत. फाव्र ल्युबाची सी किंग आणि वेस्ट एंडची सोवार प्राइमा ही आपल्याकडे घरोघरी होती आणि आज बाजारात दिसणाऱ्या त्यांच्या तबकड्यांत रंगवलेल्या पुष्कळ असतात. साठच्या दशकाच्या आधीच्या घड्याळांत अंधारात चमकणारा रंग बहुतेक रेडियमचा असे. त्याची चमक विझलेली असली तरी किरणोत्सार संपलेला नसतो, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. तशी तबकडी घरी उघडून खरवडू नका.

पैशांच्या बाबतीत मी कडक राहीन. निम्मी रक्कम आगाऊ देऊ नका, मग ते कुटुंब कितीही सज्जन वाटो. ते सज्जन असतील तर त्यांना दुसरा मार्गही चालेल, आणि तो तुमच्या पत्रातच आहे: धाकटा भाऊ ठाण्यात राहतो. कोकणातल्या माणसाला मुंबईकडे आपले माणूस असते, ही ऑनलाइन खरेदीत फार मोठी सोय आहे आणि आपण ती वापरत नाही. भावाला डोंबिवलीला पाठवा, त्याने घड्याळ हातात घ्यावे, कानाशी धरावे, वरच्या गोष्टी पाहाव्यात, समोरासमोर पैसे द्यावेत, आणि गणपतीला येताना खिशातून घेऊन यावे. जिथे असे माणूस नाही तिथे घड्याळ विमा उतरवून पाठवायला सांगावे आणि पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ काढावा. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. परतावा देतो म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवला तर तिथेच थांबावे. फसवणूक झालीच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर कळवावे, उशीर झाला की रक्कम थोपवणे अवघड होते.

पत्नीच्या म्हणण्याबद्दल एवढेच सांगतो की घड्याळाची किंमत आणि सर्व्हिसचा खर्च असा एकच खरा आकडा त्यांना आधी सांगा. मामांची गोष्टही सांगा. ती तुम्ही मला दोन पाने भरून लिहिली आहे, घरी बहुधा सांगितलेली नाही.

गेल्या वर्षीच्या वाफेचे मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण तो दोष निम्मा घड्याळाचा आणि निम्मा आपल्या हवेचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या किनाऱ्यावरची हवा पाण्याने जवळपास भरलेली असते. घड्याळाची गॅस्केट कडक होऊन चिरली की ती दमट हवा आत शिरते आणि काच गार पडली की तिच्याच आतल्या बाजूला पाणी धरते. त्यात घामाचे आणि खाऱ्या वाऱ्याचे मीठ मिसळले की पोलादाच्या बारीक भागांवर काही दिवसांतच गंज चढतो. झाकणावरचे ‘वॉटर रेझिस्ट’ हे शब्द घड्याळ नवे होते त्या दिवसापुरते खरे होते. वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात ठेवून वाट पाहू नका. त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या आणि उघडवा. तुम्ही ते घड्याळ दिवाळीपर्यंत कपाटात ठेवलेत, तेवढ्यात गंजाला दोन-तीन महिने मिळाले.

नव्या घड्याळाची सर्व्हिस करताना गॅस्केट नवी घालून घ्या, आणि तरीही पावसाळ्यात ते बाहेर घालू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि त्या ओलावल्या की बदला. चामड्याचा पट्टा काढून वेगळा ठेवा, त्याची बुरशी केसवर उतरते. तुमच्या ‘जनता’ घड्याळाची केस पितळेवर क्रोम चढवलेली असेल. मागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलेले असते तेव्हा पोलाद फक्त त्या झाकणापुरते असते, म्हणून घाम पुसल्याशिवाय ते डब्यात टाकू नका. वार-तारीख रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात हाताने बदलू नका. तेव्हा आतले दाते एकमेकांत गुंतलेले असतात आणि मोडू शकतात. घड्याळ घरी आल्यावर आठ-दहा तास मनगटावर वागवा, मग फोनच्या वेळेशी लावून काढून ठेवा आणि किती वेळ चालते ते पाहा. दीड दिवसाच्या आसपास चालले आणि दिवसाला पाऊण मिनिटाच्या आत मागेपुढे झाले, तर मशीन चांगल्या स्थितीत आहे.

आता त्या घड्याळजींबद्दल. त्यांना टाळून तुम्ही स्वतःचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे असे मला वाटते. तुम्ही त्यांच्यापुढे नेहमी घेऊन झालेले घड्याळ नेता, म्हणून ते ‘कचरा’ म्हणतात. त्यांच्या मताला तेव्हा वावच उरलेला नसतो. या वेळी विकत घेण्याआधी फोनवरचे फोटो घेऊन जा. शाळा सुटल्यावर, दुकानात गर्दी नसताना जा, आणि सल्ल्याचे पैसे विचारा. ते घेणार नाहीत कदाचित, पण विचारा. मुख्य म्हणजे ७००९ चे सुटे भाग त्यांच्याकडे आहेत का, वाराचे चाक बिघडले तर मिळेल का, हे त्यांच्याइतके नेमके तुम्हाला कोणी सांगू शकणार नाही. तालुक्यात असे किती हात उरले आहेत ते तुम्हीच मोजून पाहा.

तर माझे मत असे: निळे घेऊ नका. ते ‘रंगवलेली तबकडी, साल माहीत नाही’ असे सांगून निम्म्या किमतीत आले असते तर रोज शाळेत घालायला म्हणून मी हो म्हटले असते. पिवळट घ्यावे, पण वरचे फोटो आणि व्हिडिओ समाधानकारक आल्यावर, सर्व्हिसचा खर्च वजा करून भाव ठरवल्यावर आणि भावाने हातात घेऊन पाहिल्यावर. तेवढ्या वेळात ते दुसऱ्या कोणी घेतले तर घेऊ द्या. सिकोने ही घड्याळे फार मोठ्या संख्येने बनवली. तसेच दुसरे मिळेल.

आणि त्याआधी एक काम करा, जे तुम्ही पत्रात एका वाक्यात ओलांडून गेला आहात. मामांचे घड्याळ कुठे गेले ते ‘कोणाला ठाऊक नाही’ असे तुम्ही लिहिता, पण मामींना किंवा मामेभावांना विचारल्याचे कुठेच लिहिलेले नाही. आखातातून आणलेली घड्याळे आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत अजून ट्रंकांत आणि देव्हाऱ्याखालच्या खणांत बंद पडून आहेत. बॅटरी संपली असेल असे समजून लोकांनी ती ठेवून दिली, आणि त्या घड्याळाला बॅटरी लागतच नाही. गावात विचारत गेलात तर मामांचे नाही तरी त्याच्या जोडीचे एखादे निघेल. कोणा वृद्ध बाईने असे घड्याळ पुढे केले तर त्याची बाजारातली किंमत त्यांना आधी सांगा आणि मग मागा; त्या वेळी जाणकार तुम्ही असाल, आणि डोंबिवलीच्या कुटुंबाकडून तुम्ही जी अपेक्षा करता तीच त्यांची तुमच्याकडून असेल.

मामींकडे जाल तेव्हा नुसते ‘मामांचे घड्याळ’ म्हणून विचारू नका. फोनमधला तो अरबी वाराचा फोटो मोठा करून दाखवा, चेहऱ्यावरून माणूस ओळखावा तशी वस्तूही तिच्या खुणेवरून आठवते. पट्टा तुटून कुठे वेगळा पडलेला असेल तर तोही शोधायला सांगा; स्टीलच्या पट्ट्याच्या कुलपावर सिकोचे नाव कोरलेले असते, आणि मनगटाच्या मापाने काढून ठेवलेल्या कड्या बहुधा त्याच खणात एखाद्या डबीत सापडतात.